दुसऱ्या बाईची गादी

२० जानेवारी १९९१, घनसावंगी

आजपासून दारात मॅटॅडोर उभी आहे. पत्र्याला जागोजाग ठिगळं आहेत आणि आतून कोंबड्यांचा वास येतो, कारण आधी ती अंबडकडच्या एका अंडेवाल्याची होती. पण हे तिच्याभोवती असे फिरताहेत जसं काही घरात नवी नवरी उतरली आहे. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, नाकाला पदर लावून एक चक्कर मारली आणि विचारलं, "तातेराव, हिच्यात माणसं नेणार हाय का अंडे?"

यंदा बाबासाहेबांचं जन्मशताब्दी वर्ष. आमच्या गायन पार्टीला गावोगावची बोलावणी आहेत. पेटी-ढोलकी डोक्यावर घेऊन एसटीमागं पळणं आता होत नाही, असं यांचं म्हणणं. हे शाळेत गुरुजी आणि पार्टीत पेटीमास्तर. भुजंगभाऊ ढोलकीवर, चार गडी कोरसला, आणि गाणारी माझी नणंद कौसल्या. ती नसली तर पार्टीत ऐकण्यासारखं काही उरत नाही, हे मी यांच्या तोंडावर सांगत असते.

आणि अडलंय ते कौसल्याचंच. मागच्या डिसेंबरात एका गावी कार्यक्रम संपायला फार उशीर झाला, आणि बायकांना निजायला कुठं जागा नव्हती. कौसल्या आणि तेव्हा तिच्या सोबतीला येणाऱ्या केशरबाई थंडीत शाळेच्या ओट्यावर ढोलकीची खोळ पायावर घेऊन बसून राहिल्या. ही गोष्ट केदारखेड्याला कौसल्याच्या सासऱ्यांच्या कानावर गेली. पुंजाराममामा माणूस चांगला, पण त्यांनी तेव्हाच सांगून टाकलं की आता आमची सून गाणार नाही.

२४ जानेवारी

हे केदारखेड्याला जाऊन आले. मामांनी दोन अटी घातल्या आहेत. गाडीत बायकांना निजायला पडदा-कडीसह स्वतःची जागा पाहिजे, ही एक. आणि सोबत दुसरी बाई पाहिजे, ही दुसरी. एकटी सून ड्रायव्हर धरून सात पुरुषांबरोबर धाडणार नाही म्हणाले. त्यांचं चूक आहे असं मला तरी म्हणवत नाही.

केशरबाईंचे गुडघे गेले, त्या आता येत नाहीत. मी विचारलं, मग दुसरी बाई कोण? हे म्हणाले, "बघू. मिळंल." आणि आत्याबाईंकडे बघितलं. आत्याबाई शेंगा फोडत होत्या, त्यांनी मान वरच केली नाही.

कौसल्यासाठी माझा जीव तुटतो. एवढा गळा आणि तो केदारखेड्याला म्हशी हाकायला वापरायचा.

२७ जानेवारी

सुताराने गाडीत दोन्ही बाजूंनी लाकडी बाकं बसवली. खाली सामान, वर दिवसा बसायचं आणि रात्री बायकांनी निजायचं. पुरुष बाहेर, मंडपात. आता बाकांवर गाद्या पाहिजेत.

बसस्टँडजवळ चाँदभाई जीपच्या सीटा शिवतात. त्यांना बोलावलं. त्यांनी बाकांवरून हात फिरवला आणि रेक्झिन सुचवलं, लाल आणि काळं. मला राहवलं नाही. म्हटलं, चैत्रात रेक्झिनवर पाठ टेकून दाखवा, उठताना कातडं तिथंच राहील. आणि गाडी वळली की निजलेली बाई घसरून खाली. चाँदभाईंनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बराबर है भाभी. पन कपड्याचं काम आपल्याला न्हाई जमत. तुमी शिवा, मी दाखवतो."

असं माझ्या जिभेनं मला कामाला लावलं. ही काही पहिली वेळ नाही. घरात पायाची मशीन आहे, पण आजवर तिच्यावर पोरांच्या चड्ड्या आणि झबल्यांपलीकडे काही शिवलेलं नाही.

३० जानेवारी

माप घेतलं. कौसल्या माझ्यापेक्षा चार बोटं उंच, ते मला पाठ आहे. दुसऱ्या गादीचं माप कुणाचं घेऊ, असं विचारलं तर हे म्हणाले, तुझंच घे. मला बाकावर निजवून डोक्यापासून टाचेपर्यंत टेप लावला. वर विचारलं, "कूस बदलायला जागा पुरंल का?"

"मला काय विचारता, निजणारीला विचारा."

"ती तुझ्याएवढीच हाय," हे म्हणाले आणि टेप गुंडाळत खाली उतरले.

म्हणजे कुणीतरी ठरली आहे. मला सांगायचं नाही, एवढंच.

४ फेब्रुवारी

पहिली खोळ शिवली. अभ्रा शिवतात तशी दोन तुकडे जोडून शिवली आणि गादी आत घातली. चारी कोपरे शेळीच्या कानासारखे लोंबायला लागले. शिवाय मी माप सगळीकडून दोन-दोन बोटं वाढवलं होतं. पोरांचे कपडे शिवून शिवून हाताला तीच सवय, वाढत्या अंगाचं माप घ्यायचं.

चाँदभाईंनी खोळ उचलून पाहिली. "भाभी, ही गादी पुढच्या साली मोठी होनार हाय का?"

आत्याबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मला राग आला, पण हसूही आलं. जीपच्या सीटा शिवणाऱ्याने सांगितलं ते असं. कापड आधी रात्रभर भिजवायचं, वाळवायचं, म्हणजे नंतर धुतल्यावर आटत नाही. वरचा तुकडा वेगळा, खालचा वेगळा, आणि मध्ये चारी बाजूंनी उंचीची पट्टी. माप गादीपेक्षा जरासं कमीच, म्हणजे खोळ अंगाला ताणून बसते. कडेला गोट आणि मागच्या बाजूला चेन, म्हणजे खोळ काढून धुता येते. आपल्या गोधडीसारखं सगळीकडून टाचून टाकायचं नाही.

आता सगळं उसवायचं. उसवायला शिवण्याच्या दुप्पट वेळ लागतो.

५ फेब्रुवारी

उसवलं. बाकी काही नाही.

११ फेब्रुवारी

पट्टी कोपऱ्यावर वळवायचं जमत नव्हतं. तिथं चुण्या पडायच्या. चाँदभाईंनी दाखवलं की कोपऱ्यावर सुई कापडात रुतलेली ठेवायची, सुईजवळची लोखंडी दाबपट्टी उचलायची, कापड फिरवायचं, दाबपट्टी सोडायची. आणि उंचीच्या पट्टीला तिथं आधी कात्रीनं एक चीर द्यायची. सकाळपासून तेच करते आहे. संध्याकाळी एक कोपरा असा बसला की बोट फिरवून फिरवून पाहिलं. मी आत्याबाईंना दाखवला, यांना दाखवला, शेजारच्या कांताबाईंना हाक मारून दाखवला. कांताबाई म्हणाल्या, "कोपराच हाय की." या बाईला कशाचं कौतुक नाही.

मशीनचं पायडल लांब शिवणीत एका लयीत चालायला लागलं की माझ्या तोंडात आपोआप आईच्या ओव्या येतात. जात्याची आणि मशीनची घरघर सारखीच. आई माझ्या वस्तीतली पहिली बाई जिनं मुलीला शाळेत घातलं, आणि दळताना तिनंच जोडलेली ही ओवी:

दळण दळते मी गं, पीठ पडं पावसावाणी
लेकीच्या पाटीवर नाव लिवलं भीमबाबानी

ती लेक म्हणजे मी. पण हे आपलं घरात, मशीनपुरतं. मला कुणी ऐकलेलं खपत नाही. लग्नानंतर एकदा दळताना यांनी मागून येऊन "छान" म्हटलं होतं, तर मी महिनाभर तोंड उघडलं नव्हतं.

१६ फेब्रुवारी

या घरातल्या माणसांना काय झालंय कळत नाही. भुजंगभाऊ रोज दुपारी ओट्यावर येऊन बसतात आणि रॉकेलच्या डब्यावर बोटं आपटतात. घरी बायको आपटू देत नसेल. आज ते माझीच ओवी गुणगुणत होते, तीही चुकीची, "पीठ पडं धारंवाणी" अशी. मी आतूनच ओरडले, "धारंवाणी न्हाई, पावसावाणी." चुकीची ओळ कानावर आली की माझ्या अंगावर मुंग्या चालतात. शाळेतही मी बाईंना अडवायची.

आणि हे पेटीवर एकच सूर धरून तासभर बसले होते. विचारलं तर म्हणाले, पेटी बिघडली आहे, तपासतोय.

२० फेब्रुवारी

आता कळलं. कांताबाईंनी सांगितलं. त्यांच्या भावाने यांना जालन्याला बसस्टँडवर पाहिलं, प्रभावतीबाईंशी बोलताना. चांगले दोन चहा होईपर्यंत बोलत होते म्हणे. प्रभावतीबाई म्हणजे जालन्याच्या मोठ्या गायिका. गळ्यात सोन्याची माळ, अंबाड्याला गजरा, कार्यक्रमाआधी मधाचं पाणी पितात. मागच्या जयंतीला आम्ही त्यांना ऐकलं होतं तेव्हा हे घरी येईपर्यंत मान डोलवत होते. माझ्याएवढ्याच उंच आहेत, हेही खरंच.

तर दुसरी बाई ही. मला सांगायला काय झालं होतं? मी काय नाही म्हणणार होते? पार्टी यांची, गाडी यांची. मी आपली गाद्या शिवणारी.

मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. रात्री पिठलं जरा खारट झालं. माझा तो उद्देश नव्हता असं लिहिणार होते, पण या वहीत खोटं कशाला.

२५ फेब्रुवारी

कौसल्याची गादी पुरी झाली. पिंजारी आला होता. आमच्या दोन एकरांतला कापूस त्याच्याकडून असा पिंजून घेतला की हात घातला तर कोपरापर्यंत जावा. निळं कापड, पांढरा गोट, चारी कोपरे बसलेले, चेन सरकते ती लोण्यातून गेल्यासारखी. बाकावर टाकून पाहिली. चाँदभाईंनी चारी बाजूंनी दाबून पाहिली आणि मान हलवली. त्यांची मान सहजी हलत नाही. मी मग घरात जाऊन थोडी रडले. बेचाळीस वर्षांची बाई गादी शिवून रडते, पण रडले खरी. आजवर मी काही पुरं केलं आणि ते चारचौघांत मांडलं गेलं, असं आठवत नाही.

३ मार्च

आता दुसरी गादी. सरळ लिहून टाकते. पिंजाऱ्याला मी हिच्यासाठी थांबवून घेतलं नाही. जुन्या तक्क्यातला गोळे झालेला कापूस तसाच घातला, थोडी सरकीही आहे त्याच्यात. कापडही आधीचे उरलेले तुकडे जोडून घेतलं. जोड नेमका मध्यावर आला, निजणारीच्या कमरेखाली. उलटून आतल्या बाजूला दाबता आला असता. नाही दाबला.

सोन्याच्या माळेला तेवढं टोचलं तर काय बिघडलं.

चाँदभाईंनी गादीवर हात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, कापड कमी पडलं. ते म्हणाले, "भाभी, एक डाव तुमीच निजून बगा हिच्यावर."

"मला काय करायचंय निजून?"

"बरं," ते म्हणाले, आणि का कोण जाणे, मिशीत हसले.

१० मार्च

पेंटरने गाडीच्या कपाळावर लावायचा बोर्ड रंगवून आणला. हे त्याच्यावर पोतं टाकून बसले. बघू द्या म्हटलं तर म्हणाले, रंग ओला आहे.

१९ मार्च

रंग अजून ओलाच आहे म्हणे. उन्हात पापड तासाभरात वाळतो, आणि हा रंग नऊ दिवसांत वाळेना. मोठ्या अक्षरात प्रभावतीबाईंचं नाव असणार, दुसरं काय. मी पोत्याकडे बघायचंही सोडून दिलं आहे.

आत्याबाईंनाही म्हातारपणी लहर आली आहे. आज चुलीपुढून मला उठवलं आणि भाकरी स्वतः थापल्या. पोरांना आंघोळी घातल्या. म्हटलं, तुमचे हात दुखतील. म्हणाल्या, "दुखू दे. सवय ठिवाव म्हनते." कशाची सवय ते सांगितलं नाही.

२ एप्रिल

पडदे झाले, कडी लागली. कोंबड्यांचा वास गेला. मी गाडी आतून चार वेळा धुतली. पहिला कार्यक्रम ११ तारखेला, फुले जयंतीला, धावड्याला. जाताना केदारखेड्याला थांबून पुंजाराममामांना गाडी दाखवायची, आणि त्यांच्या मनाला आली तर कौसल्या बसणार. नाही आली तर गाडी परत. यांना चार दिवस जेवण जात नाही. मीही रोज गाडीत जाऊन कौसल्याच्या गादीचे कोपरे दाबून येते. दुसऱ्या गादीकडे बघत नाही.

आज संध्याकाळी हे जवळ येऊन बसले. काहीतरी बोलायचं होतं. "तू ते मशीनवर..." एवढं म्हणाले आणि थांबले. मी म्हटलं, मशीनला तेल घातलं आहे. ते उठून गेले.

१२ एप्रिल, धावडा, सकाळ

सगळं क्रमानं लिहिते.

काल सकाळी निघायची वेळ झाली. पेटी चढली, ढोलकी चढली, गडी चढले. मी डबे देऊन दारात उभी होते. हे म्हणाले, "अगं, गादीची खोळ वर आल्यासारखी वाटते, जरा बघ बरं." माझी खोळ वर येते म्हणजे काय. मी चप्पल न घालता आत चढले. खोळ जागच्या जागी होती. मी वाकून चेन बघत होते, तेवढ्यात ड्रायव्हर कडूबाने गाडी सुरू केली आणि भुजंगभाऊंनी दार ओढलं.

मी ओरडले. मागच्या काचेतून बघते तर आत्याबाई दोन्ही पोरांना हाताला धरून उभ्या, आणि हात हलवताहेत. नुसत्या हलवत नव्हत्या, हसत होत्या. बाकाखाली माझी पिशवी निघाली. त्यात पांढरी साडी, कंगवा, ही वही आणि माझ्या चपला. आत्याबाईंनी भरलेली.

मी यांना म्हटलं, हे काय चाललंय, त्या प्रभावतीबाई कुठून बसणार आहेत?

"कोन प्रभावतीबाई?" हे म्हणाले.

जालना आलं, गाडी थांबली नाही. मी अंबड नाक्यापासून तोंड फिरवून बसले होते, पण जालना गेल्यावर मला काही सुचेना. भोकरदनच्या रस्त्याला लागलो आणि केदारखेडा आलं.

पुंजाराममामा धोतर सावरत गाडीत चढले. कडी लावून पाहिली, काढून पाहिली. पडदा ओढून पाहिला. कौसल्याच्या गादीवर हात दाबला, मग बसले, मग पाय वर घेऊन आडवेच झाले. सगळे दाराशी उभे. मामा छताकडे बघत म्हणाले, "कुनी शिवली?"

हे म्हणाले, माझ्या घरधनिणीनं.

"आन दुसरी बाई कोन हाय?"

"तीच."

मामा उठून बसले आणि माझ्याकडे बघितलं. "घरचीच बाई हाय, मंग ते पयलेच सांगायचं का न्हाई. मी कवाच धाडली असती." आणि बाहेर तोंड काढून त्यांनी हाक मारली, "कौसल्या, चल, बस."

कौसल्या पिशवी घेऊन तयारच उभी होती. ती चढली आणि माझ्या गळ्यात पडली. तेव्हा मला वाटलं, चला, सोबतीला आणलं आहे मला, तर तेवढंही पुष्कळ. एका बाईच्या सोबतीनं दुसरी गाऊ शकत असेल तर मी काय, कोपऱ्यात बसून राहीन. प्रभावतीबाईंचं भूत उतरलं आणि मी थोडी शरमले. पण दुसऱ्या गादीचा विचार अजून डोक्यात आला नव्हता.

रात्री धावड्याला शाळेच्या पटांगणात एवढी माणसं, की झाडावरसुद्धा. कौसल्या म्हणाली, "वयनी, माझ्या पाठीशी बसा. मला धीर येतो." बसले. हातात मंजिऱ्या, म्हणजे बारके टाळ, दिले; घेतले. माझ्यापुढं एक माइक उभा केला. मंजिऱ्या ऐकू जाव्यात म्हणून असेल.

कौसल्या काय गायली. चार महिने दाबून ठेवलेला गळा. लोक हलेनात. मग पाचव्या की सहाव्या गाण्यानंतर यांनी पेटीवर तोच सूर धरला, जो दुपारी तासभर धरून बसायचे. भुजंगभाऊंनी ढोलकीवर घरघर सुरू केली, माझ्या मशीनचीच चाल. आणि कौसल्या आईची ओवी गायला लागली, माहेरी असताना चोरून ऐकलेली असणार.

दळण दळते मी गं, पीठ पडं पावसावाणी
लेकीच्या हातावर नाव लिवलं...

हातावर? पाटी कुठं गेली? आईनं पाटीसाठी तीन दिवस निंदायला जाऊन मजुरी केली होती, ती पाटी ही पोरगी विसरते म्हणजे काय? माझ्या तोंडून निघून गेलं, "हातावर न्हाई, पाटीवर." माइकमधून ते सगळ्या पटांगणात गेलं. कौसल्या थांबली. मागं वळून म्हणाली, "मंग तुमीच सांगा ना वयनी."

ढोलकी चालूच होती. ओळ अर्धी लटकत होती. अर्धी ओळ मला सोडवत नाही, ती पुरी करायची म्हणून मी पुरी केली. मग पुढची आपोआप आली. मग तिच्या पुढची. डोळे मिटले होते आणि पाय पायडलवर असल्यासारखे हलत होते. आईच्या सगळ्या ओव्या संपल्या तेव्हा डोळे उघडले. कुणी टाळी वाजवली नाही. मला वाटलं, बिघडवलं मी सगळं. मग पुढं बसलेली एक म्हातारी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, पाटीची पुन्यांदा म्हन."

पुन्हा म्हटली. तीनदा म्हणायला लावली. तिसऱ्यांदा ती म्हातारी आणि तिच्या आजूबाजूच्या बायका माझ्याबरोबर म्हणत होत्या. त्या वेळी टाळ्या झाल्या, आणि माझ्या छातीत काय झालं ते मला लिहिता येणार नाही. मला फार आनंद झाला. एवढंच लिहिते.

नंतर आम्ही दोघी गाडीत निजायला आलो. कौसल्या तिच्या निळ्या गादीवर पडली आणि लगेच झोपली. मी दुसरीवर पडले.

कमरेखाली जोड. खांद्याखाली गोळा. कूस बदलली तर सरकी. तुकडे मी निवडले होते, गोळे मी भरले होते, आणि माप तर माझंच होतं. एकटीच पदर तोंडात धरून हसत राहिले, कौसल्या उठू नये म्हणून.

सकाळी गाडीच्या पुढं गेले. कपाळावरचं पोतं काढलेलं होतं. बोर्डावर वर पार्टीचं नाव, आणि खाली: गायिका कौसल्या आणि सत्यशीला. तिचं आणि माझं, दोन्ही नावं सारख्या अक्षरात. मी नखानं रंग खरवडून पाहिला. महिन्याभराचा तरी वाळलेला आहे. हे मागं येऊन उभे होते. मी म्हटलं, "विचारायचं तरी."

"इचारलं असतं तर तू आली असती?"

नसते आले.

त्यांनी विचारलं, रात्री झोप लागली का, गादी कशी आहे? म्हटलं, बराबर आहे.

१५ एप्रिल

चार दिवसांत चार गावं. काल १४ तारखेला घनसावंगीत, आमच्याच चौकात. आत्याबाई पुढं पोरांना घेऊन बसल्या होत्या, आणि शेजारी कांताबाई. ओवी झाल्यावर कांताबाई उठून आल्या आणि माझा हात हातात धरून उभ्या राहिल्या. त्यांच्याकडून मला एवढंच पाहिजे होतं.

चाँदभाईही आले होते. जाताना त्यांनी हळूच विचारलं, "निजून बगितलं का भाभी?" मी म्हटलं, बघितलं. ते म्हणाले, "निजनारी कोन ते मी कवाच वळखलं व्हतं."

२१ मे

आज एक पाहुणी आली. गळ्यात माळ, अंबाड्याला गजरा. प्रभावतीबाई. मी पाटावर बसवलं, पाणी दिलं, मधही टाकला. त्या हसून म्हणाल्या, "तुमच्या मालकांनी मला स्टँडवर गाठून इचारलं व्हतं, बायको गाती पन कुनी ऐकलं की गप व्हती, काय करू? मी म्हनलं, इचारू नका, नुसतं गाडीत बसवा."

म्हणजे चांगले दोन चहा होईपर्यंत त्या माझ्याबद्दल बोलत होत्या, आणि मी त्यांच्यासाठी सरकी वेचून न काढता भरत होते. मी त्यांना हे सांगितलं नाही. सांगेन कधीतरी, ओळख जरा जुनी झाली की.

त्या आल्या होत्या ते विचारायला की पुढच्या दौऱ्यात त्यांनाही यायचं आहे, त्यांची पार्टी मोडली. तर गाडीत तिसरीला जागा होईल का? हे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, दोन बाकांच्या मधे फळी टाकू, जागा होते. सुताराला आजच बोलावते. माप द्या.

२८ मे

प्रभावतीबाईंची गादी आज पुरी झाली. पिंजाऱ्याकडून कापूस दोनदा पिंजून घेतला, कापड एकसंध, जोड कुठंच नाही. कोपरे चाँदभाईंना दाखवायचीसुद्धा गरज पडली नाही. ऊसतोडीची माणसं वाहून दबलेल्या चार जीपांच्या सीटा त्यांनी मलाच करायला सांगितल्या आहेत, कापडाच्या.

माझी गादी अजून तशीच आहे. उसवून नीट करीन म्हणते, पण पावसाआधीच्या सगळ्या तारखा भरल्या आहेत, आणि परवा पुन्हा धावड्याला जायचं आहे.